एका रात्रीचा भाव

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, कानावर नुसतं रेपो रेट पडलं तरी त्यांचं डोकं तापतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पुंजी सगळी कराडच्या दोन बँकांत, मुदत ठेवींमध्ये. रिझर्व्ह बँकेने दर कमी केला की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा दीर पेढ्यांचा फोटो टाकतो, कारण त्याच्या पिंपरीतल्या फ्लॅटचं कर्ज अजून निम्म्याहून जास्त फिटायचं आहे. अण्णा ग्रुपवर काही लिहीत नाहीत. थोड्या वेळाने मला फोन येतो. "अगं, तू त्यांच्यातलीच ना? सांग त्यांना, म्हातारी माणसंही राहतात म्हणावं या देशात."

मी त्यांच्यातली कधीच नव्हते. फोर्टातल्या एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा रोजचा पैसा आणि रोखे सांभाळणाऱ्या विभागात, नोकरीची बरीच वर्षं गेली आणि रिझर्व्ह बँकेची मिंट रोडची ती उंच इमारत आमच्या खिडकीतून दिसायची, एवढाच काय तो संबंध. पण अण्णा आणि दीर, दोघंही एकच गोष्ट गृहीत धरून चालतात: वर कुणीतरी एक आकडा बदलतं आणि देशातले झाडून सगळे व्याजदर त्याच्यामागे रांगेत निघतात. टीव्हीवालेही तसंच सांगतात. आमच्या खिडकीच्या अलीकडून ते तसं कधीच दिसलं नाही.

रेपो म्हणजे काय, ते आधी रोखठोक सांगते. बँकेने आपल्याकडचे सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेला द्यायचे, पैसे घ्यायचे आणि ठरल्या दिवशी व्याजासकट परत करून रोखे सोडवायचे. मुदत बहुतेक वेळा एक रात्र, फार तर काही दिवस. म्हणजे दर दोन महिन्यांनी सकाळी दहाला गव्हर्नर जो आकडा वाचून दाखवतात, तो रातोरात परत करायच्या पैशाचा भाव असतो. वीस वर्षांच्या घरकर्जाचा नाही, पाच वर्षांच्या ठेवीचा नाही. पतधोरण समितीत सहा माणसं बसतात, भारतभरचे आकडे पाहतात, चार टक्के महागाईचं लक्ष्य समोर ठेवतात, आणि शेवटी त्यांच्या हातात थेट असतो तो हा एवढासा भाव.

तोही पुरता हातात नसतो. सकाळी नऊला कॉल मार्केट, म्हणजे बँकांच्या आपसातल्या उसनवारीचा बाजार, उघडायच्या आधी आमचा हिशेब सुरू व्हायचा. आज कुठल्या शाखेतून मोठी रक्कम जाणार, किती येणार, सीआरआरला, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो त्याला, किती कमी पडतंय. कमी पडत असेल तर दुसऱ्या बँकेकडून रात्रीपुरते उसने घ्यायचे, उरत असतील तर द्यायचे. तारण काही नाही, फक्त बँकेची पत. शंभर-दोनशे कोटींचा व्यवहार भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतक्या वेळात उरकायचा. आता हा बिनतारणी बाजार अगदी लहान उरलाय, म्युच्युअल फंडांचा वगैरे पैसा रोखे तारण ठेवून फिरतो. पण रिझर्व्ह बँकेची नजर अजूनही त्या कॉलच्या सरासरी दरावरच असते.

आणि तो दर फक्त धोरणावर चालत नाही. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या आगाऊ कराच्या तारखा. कंपन्यांचा पैसा बँकांतून निघून सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात जातो, आणि सरकार तो खर्च करेपर्यंत बँकांच्या दृष्टीने गायब असतो. दिवाळीच्या आधी लोक नोटा काढतात, त्याही बँकांच्या तिजोरीतून कमी होतात. अशा दिवसांत रेपो होता तिथेच असतो आणि कॉल मात्र चढलेला. जुने डीलर रिपोर्टिंग फ्रायडेच्या गोष्टी सांगायचे. सीआरआरचा हिशेब पंधरवड्याचा, त्याचा शेवटचा दिवस तेव्हा शुक्रवार असायचा. त्या दिवशी ज्यांची गरज भागलेली असायची त्यांना पैसा अक्षरशः नकोसा व्हायचा आणि ज्यांची राहिलेली असायची ते वाट्टेल तो भाव द्यायचे.

ही उड्या मारायची सवय मोडायला दोन्ही बाजूंनी भिंती घातल्यात. वरची भिंत एमएसएफ, २०११ पासूनची: अगदीच अडलेल्या बँकेला रिझर्व्ह बँक त्या दराने पैसे देते. खालची एसडीएफ, एप्रिल २०२२ पासूनची: बँकेकडे उरलेला पैसा रिझर्व्ह बँक त्या दराने ठेवून घेते. रेपो मधोमध, दोन्हींपासून पाव टक्क्यावर. आता या दोन भिंतींमध्ये कॉल कुठे राहील, हे ठरतं पैसा किती आहे त्यावर. कोविडच्या काळात रेपो चार टक्के होता, पण व्यवस्थेत पैसा इतका उदंड होता की बँका लाखो कोटी रुपये रोज ३.३५ टक्क्यांच्या रिव्हर्स रेपोत, म्हणजे तेव्हाच्या खालच्या भिंतीपाशी, नेऊन ठेवत होत्या. धोरणाचा दर चार, आणि बाजारातला खरा दर सव्वातीनच्या आसपास. याच्या उलट जानेवारी २०२५ मध्ये बँकांना तीन लाख कोटींहून जास्त पैसा कमी पडत होता आणि कॉल रेपोच्या वर चिकटून बसला होता. फेब्रुवारीत पाव टक्क्याची कपात झाली, त्याची हेडलाइन झाली. पण त्याआधीच रिझर्व्ह बँकेने रोखे विकत घेऊन पैसा सोडायला सुरुवात केली होती. खरी ढील तिथून मिळाली.

रेपोला हात न लावताही बाजार हलवता येतो, हे मी एकदाच याचि देही पाहिलं. १५ जुलै २०१३, सोमवार. मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडचे, प्रमुख बर्नान्की नुसतं म्हणाले होते की रोखेखरेदी हळूहळू कमी करू, तेव्हापासून रुपया घसरत होता. बाजार बंद झालेला, आमचे मुख्य डीलर पिशवी उचलून लिफ्टपाशी पोचले होते, आणि रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर निवेदन आलं. रेपो ७.२५ टक्के, जैसे थे. फक्त एमएसएफ १०.२५ टक्के. शिवाय सगळ्या बँकांनी मिळून रेपोतून घ्यायच्या पैशावर ७५ हजार कोटींची मर्यादा. डीलर साहेबांनी पिशवी तिथेच खुर्चीवर ठेवली आणि निवेदन दोनदा वाचलं. मग एवढंच म्हणाले, "हा रेपो आता शोभेचा."

तसंच झालं. रेपोच्या खिडकीतून मिळणारा पैसा मोजूनमापून, त्यापुढची गरज सव्वादहाने. मग कॉलने सव्वादहाकडे धाव घेतली. दुसऱ्या दिवशी दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड, म्हणजे बाजारभावाने रोखा घेणाऱ्याला पडणारा व्याजदर, आठाच्या पार गेलं. लिक्विड फंडांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, खाली आली. ज्या फंडात कंपन्या चार दिवसांपुरते पैसे ठेवतात आणि जो कधी पडत नाही अशी सगळ्यांची ठाम समजूत, तो पडला. आमच्या मोठ्या खातेदारांचे फोन दिवसभर वाजत होते. ऑगस्टमध्ये ९१ दिवसांची ट्रेझरी बिलं अकरा टक्क्यांच्या वर विकली गेली, आणि त्याच वेळी दहा वर्षांचा रोखा मात्र नवाच्या आगेमागे. तीन महिन्यांसाठी सरकार अकरा देतंय आणि दहा वर्षांसाठी नऊ!

नवख्या पोरांना वाटलं स्क्रीन बिघडला. स्क्रीन ठीक होता. बाजार म्हणत होता की हा ताप रुपया सावरेपर्यंतचा आहे, कायमचा नाही. तीन महिन्यांचं बिल घेणाऱ्याच्या वाट्याला सगळे तापाचेच दिवस होते, दहा वर्षांचा रोखा घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातले थोडे. सप्टेंबरमध्ये रघुराम राजन गव्हर्नर म्हणून आले, त्यांनी एमएसएफ टप्प्याटप्प्याने उतरवला, रेपो थोडा चढवला, आणि ऑक्टोबरच्या शेवटी ७.७५ आणि ८.७५ असा तेव्हाचा नेहमीचा एक टक्क्याचा फरक परत आला. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी 'रेपो दरात वाढ' अशी बातमी छापली. बाजारात दर उतरले होते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे मला हे समजायला पुस्तकाची गरज पडली नाही. लासलगावला आज कांदा काय भावाने गेला हे संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना कळलेलं असतं. पण उन्हाळ कांदा चाळीत भरायचा की विकून मोकळं व्हायचं, हे आजच्या भावावर कुणी ठरवत नाही. पाऊस कसा होईल, खरिपाचा माल कधी येईल, सरकार निर्यातबंदी घालेल का, आणि चाळीत किती सडेल, या सगळ्याचा अंदाज बांधूनच माणूस चाळीचं दार लावतो. दहा वर्षांसाठी सरकारला पैसे देणारा विमा कंपनीतला माणूस हेच करतो. त्याच्यासमोर साडेतीन हजारांवर रात्री असतात. आजच्या रात्रीचा भाव त्यातला एक. बाकीच्यांचा सरासरी अंदाज, आणि अंदाज चुकला तर काय या भीतीपोटी वर थोडं जास्तीचं, असं मिळून त्याचा दर होतो.

म्हणून ६ जून २०२५ ला जे घडलं त्याचं मला नवल वाटलं नाही, मजा मात्र वाटली. बाजाराला पाव टक्क्याची अपेक्षा होती. गव्हर्नर संजय मल्होत्रांनी अर्धा टक्का कमी करून रेपो ५.५० वर आणला, वर सीआरआरमध्ये एक टक्क्याची कपात जाहीर केली, चार हप्त्यांत. ग्रुपवर पेढ्यांचा डबा आला. रोख्यांची यील्ड्स क्षणभर खाली गेली. मग पुढची वाक्यं आली: धोरणाचा पवित्रा आता अनुकूल नाही, तटस्थ, आणि वाढीला हातभार लावायला यापुढे फारच थोडी जागा उरली आहे. झालं. बाजाराने हिशेब मांडला की कपातीचं सत्र संपत आलं, म्हणजे पुढच्या रात्री आपण धरल्या होत्या तितक्या स्वस्त नाहीत. दहा वर्षांचं यील्ड जूनच्या सुरुवातीला सव्वासहाच्या आसपास होतं, ते ऑगस्टच्या अखेरीस ६.६ च्या जवळ गेलं. रेपो खाली, यील्ड वर.

त्यात नंतर इतर गोष्टींची भर पडली. जीएसटीत सवलत देणार म्हटल्यावर सरकारचं उत्पन्न घटेल का ही शंका आली, अमेरिकेने ५० टक्के आयातशुल्क लावलं, राज्यांनी कर्जं काढायचा सपाटा लावला, आणि लांब मुदतीचे रोखे घेणाऱ्या विमा कंपन्या व पेन्शन फंडांची भूक पूर्वीइतकी राहिली नाही. यातलं काहीही पतधोरण समितीच्या हातातलं नव्हे. डिसेंबरमध्ये रेपो आणखी पाव टक्का उतरून ५.२५ झाला, सोबत एक लाख कोटींची रोखेखरेदीही जाहीर झाली. पूर्ण वर्षाचा ताळेबंद असा: रेपो सव्वा टक्का खाली, आणि दहा वर्षांचं यील्ड ६.७५ च्या आसपासहून ६.६ च्या आसपास. जेमतेम.

हे आपल्याकडचंच खूळ नाही. जून २००४ ते जून २००६ मध्ये अमेरिकेच्या फेडने आपला दर एकावरून सव्वापाचवर नेला, आणि २००५ च्या फेब्रुवारीत फेडचे तेव्हाचे प्रमुख ग्रीनस्पॅन संसदेसमोर कबूल करत होते की आपण दर चढवतोय तरी लांबचे दर उतरतायत, हे कोडं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये उलटं झालं: फेडने कपात सुरू केली, डिसेंबरपर्यंत पूर्ण एक टक्का दर कमी केला, आणि तिथलं दहा वर्षांचं यील्ड त्याच काळात साधारण एका टक्क्याने चढलं. न्यू जर्सीतली माझी मैत्रीण फेड दर कमी करेल मग घर घेऊ म्हणून थांबली होती. फेडने दर कमी केला आणि तिचं कर्ज महाग झालं. तिकडची घरकर्जं तीस वर्षांसाठी एकाच दराने बांधलेली, त्यामुळे ती दहा वर्षांच्या रोख्याकडे बघून चालतात, फेडकडे बघून नाही.

आपल्याकडे मात्र घरकर्जाचं दावं थेट रेपोच्या खुंटीला बांधलंय, आणि तेही रिझर्व्ह बँकेच्या नियमाच्या गाठीने. आधी बँका बीपीएलआर, मग २०१० पासून बेस रेट, मग २०१६ पासून एमसीएलआर असे स्वतःच ठरवलेले आकडे वापरत. चढताना ते भरभर चढत आणि उतरताना त्यांचे गुडघे दुखत. म्हणून १ ऑक्टोबर २०१९ पासून नवीन घरकर्जं बाहेरच्या निकषाला जोडायची सक्ती झाली, आणि बहुतेक बँकांनी रेपोच निवडला. वीस वर्षांचं कर्ज, भाव एका रात्रीचा. उतरत्या काळात हे फार गोड लागतं. चढत्या काळाचा हिशेब मी दिराला कागदावर करून दिला होता, तो इथेही देते.

२०२१ मध्ये ३० लाखांचं कर्ज, ६.७५ टक्के, वीस वर्षं. हप्ता २२,८११ रुपये. वर्षभर हप्ते भरले, मुद्दल उरलं सुमारे २९ लाख २६ हजार. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो चारवरून साडेसहावर गेला, अडीच टक्के. कर्जाचा दर ९.२५. हिशेब सोपा राहावा म्हणून ही वाढ एकदमच लागली असं धरू. आता त्या मुद्दलावर महिन्याचं नुसतं व्याज होतं २२,५५९. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात महिन्याला अडीचशे रुपये, आणि कर्ज फिटायला लागतात जवळपास ४९ वर्षं. दिराने कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. त्याच्या बँकेने मुदत त्याला न विचारता वाढवून टाकली होती. एसएमएस आला होता म्हणे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की असं परस्पर करू नका, हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला विचारा, ठरावीक दराकडे जायचा पर्यायही द्या. त्यानंतर त्याने हप्ता वाढवून घेतला.

आणि याच काळात बचत खात्याचं काय झालं? स्टेट बँकेत सर्वसामान्यांच्या बचत खात्यावर २.७० टक्के मिळत होते. रेपो अडीच टक्के चढला, तरी २.७०. जून २०२५ मध्ये मात्र ते २.५० झाले. बँकांना दोष देण्यात अर्थ नाही. बचत खात्यातला पैसा व्याजासाठी येतच नाही, पगार पडतो आणि यूपीआयने निघून जातो, मग त्याला जास्त भाव कोण देणार? २०११ मध्ये हा दर मोकळा केला तेव्हा स्पर्धा होईल असं बोललं गेलं होतं. लहान खासगी बँकांनी थोडी केली. मोठ्यांना गरज पडली नाही.

मुदत ठेवीचं गणित वेगळं. अण्णांना मी सांगते की जुनी ठेव आहे त्याच दराने चालू राहणार, त्रास आहे तो नूतनीकरणाच्या वेळी. ते म्हणतात, "आमच्या वयाला सगळंच नूतनीकरणाला आलेलं असतं." पण हाच बँकांचाही पेच आहे. रेपो उतरला की कर्जाचं व्याज तीन महिन्यांच्या आत उतरवावं लागतं, आणि महाग घेतलेल्या ठेवी मुदत संपेपर्यंत महागच राहतात. सीआरआर कमी करून अडीच लाख कोटी मोकळे केले, त्यात या चिमट्यातून बँकांना थोडी जागा देण्याचाही भाग होताच.

काही दर तर या सगळ्यापासून कोसभर लांब आहेत. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के, तेव्हापासून रेपो चारला जाऊन साडेसहाला आला आणि परत उतरला, हा हलला नाही. अल्पबचतीचे दर सरकारी रोख्यांच्या यील्डला जोडायचं सूत्र कागदावर आहे. ते एकदा मनापासून लावून पाहिलं ३१ मार्च २०२१ च्या रात्री: पीपीएफ ६.४, पोस्टाचं बचत खातं साडेतीन. पश्चिम बंगालमध्ये मतदान सुरू होतं. सकाळी अर्थमंत्र्यांनी ट्वीट केलं की आदेश नजरचुकीने निघाला, मागे घेतो. पीककर्जाचंही तसंच. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं, रेपो काहीही असो. आणि ज्याचं कर्ज थकलंय, ज्याला बँक दारात उभं करत नाही, तो शेकडा दोनने किंवा तीनने काढतो. महिन्याला. वर्षाचे चोवीस नाहीतर छत्तीस टक्के. माझ्या आजोबांच्या वेळीही माहेरच्या गावात शेकडा दोनच होता.

नोकरी सोडल्यापासून गव्हर्नरांचं भाषण मी लाइव्ह बघत नाही. स्वयंपाकाची वेळ असते आणि आकडा ग्रुपवर येतोच. बघते ते लिलावांचे निकाल. बुधवारी ट्रेझरी बिलांचा कटऑफ, म्हणजे लिलावात मान्य झालेला सगळ्यात वरचा दर, तो बहुतेक वेळा रेपोच्या आगेमागेच राहतो आणि बाजाराला पुढची खेप कपातीची वाटते की वाढीची ते सांगून जातो. शुक्रवारी केंद्राचे रोखे. आणि मंगळवारी राज्यांची कर्जं, ज्यांत महाराष्ट्र बड्या कर्जदारांपैकी. २०२५ च्या उत्तरार्धात, रेपो साडेपाच असताना, राज्यांना दहा वर्षांसाठी सात टक्क्यांच्या वर मोजावे लागत होते. ते व्याज आपल्याच करातून जायचंय, तेव्हा कितीला गेलं एवढं तरी बघून घेते.